अठ्ठावीस वर्षं मागे

मी बोलतोय. आवाज अनोळखी वाटेल, कारण माझा जुना आवाज, डिस्क फिरताना व्हायचा तो कुरकुर आवाज, गेल्या वर्षी काढून टाकला. आता मी चालू आहे की बंद, हे कान लावूनही कळत नाही.

मी एक जुना लॅपटॉप आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका. मांडीवर घ्यायचा कॉम्प्युटर म्हणून मला विकलं, पण कुणी मला अर्धा तास मांडीवर घेऊन दाखवावं. पाय बधिर झाले नाहीत तर नाव बदलीन. माझ्या मागच्या बाजूला पंचवीस छिद्रांचं एक रुंद तोंड आहे. आजकालच्या सडपातळ मंडळींना ते नसतं. त्या तोंडामुळेच मी भंगारात गेलो नाही.

माझे मालक मास्तर. ते शाळेतले मास्तर नव्हेत, बूट करणारे. ज्यांचे दोन्ही पाय सारखे नाहीत अशांचे बूट ते करत. एक पाय आखूड, एखादं पाऊल आत वळलेलं, कुणाची टाच टेकतच नाही, असे लोक त्यांच्याकडे येत. दोन खोल्यांचं दुकान. मागच्या खोलीत कातडं, शिलाईचं यंत्र आणि फळीवर लाकडी साच्यांची रांग. पुढच्या खोलीत एक बाक, माझं टेबल आणि जमिनीवर काळी पाटी. माणूस त्या पाटीवर अनवाणी उभा राहिला की कुठल्या पायावर किती भार पडतो ते माझ्या त्या रुंद तोंडात खोचलेल्या जाड केबलमधून माझ्याकडे येई. मी आकडेमोड करून एक कागद छापे. टाच किती उंच, तळ किती मऊ, पुढे बोटांना जागा किती, सगळं त्या कागदावर. तो कागद घेऊन मास्तर साचा तासायला बसत.

हे गणित माझं नव्हे, माझ्यातल्या प्रोग्रॅमचं. त्यात एक शहाणपण होतं. माणूस मोठा असेल तर तो पायातली सगळी तफावत एकदम भरून काढी. मूल असेल तर तसं नाही. वाढत्या हाडाला अर्धीच उंची द्यायची, तळ मऊ ठेवायचा, बोटांपुढे अंगठाभर जागा सोडायची आणि दर सहा महिन्यांनी थोडं थोडं वाढवायचं. हे सगळं तो वय बघून ठरवी. वय मात्र कागदावर छापत नसे, मनातल्या मनात धरी.

आता माझ्या आयुष्यातलं खोटं सांगतो.

तो प्रोग्रॅम करणारी कंपनी दरवर्षी एक फ्लॉपी पाठवायची. ती घातली की पुढच्या वर्षाचा परवाना मिळायचा. एका वर्षी फ्लॉपी आलीच नाही. मास्तरांनी फोन केले. घंटा वाजत राहायची, उचलायला माणूस नाही. कंपनीच बंद पडली होती. एका सकाळी मी पडद्यावर लिहून दाखवलं, मुदत संपली. समोर बाकावर चारजण बूट काढून बसलेले.

मास्तरांनी एकदा बाकाकडे बघितलं. मग त्यांनी माझी तारीख मागे नेली. थोडीथोडकी नव्हे, अठ्ठावीस वर्षं. अठ्ठावीसच का, तर तेवढ्या वर्षांनी तारीख आणि वार पुन्हा जुळतात. म्हणजे भेटीच्या यादीत सोमवारचा सोमवारच राहतो. मी मुकाट्याने चालू झालो. एका रविवारी बसून त्यांनी सगळ्यांच्या जन्मतारखाही अठ्ठावीस वर्षं मागे सरकवल्या, म्हणजे वयं बरोबर राहिली. पुढे नवीन कुणी आलं की कागदी कार्डावर खरी जन्मतारीख आणि माझ्यात अठ्ठावीस वजा करून. माझ्या झाकणावर त्यांनी पांढरी कापडी चिकटपट्टी लावली आणि पेनाने लिहिलं, वजा अठ्ठावीस. बस, एवढंच.

त्यांची मुलगी मागच्या खोलीत शिलाई करायची. तिला सगळे ताई म्हणत. हात बापापेक्षा सफाईदार, पण मला ती हात लावत नसे, कारण मास्तर लावू देत नसत. एकदा तिने विचारलंही होतं.

“अप्पा, हे वजा अठ्ठावीस काय आहे?”

“आहे आमचं दोघांचं गुपित.”

“अहो, मला सांगून तरी ठेवा.”

“तुला काय करायचंय? मी आहे ना.”

‘मी आहे ना’ असं माणसं किती सहज म्हणतात! मी ते ऐकलं आणि मलाही बरं वाटलं. चूक झाली.

मास्तरांकडे येणाऱ्यांत एक मुलगी होती, कार्ड नंबर तीनशे बारा. डावा पाय आखूड. पहिल्यांदा आली तेव्हा चार वर्षांची होती आणि पाटीवर उभी राहूनही तोंड बंद नव्हतं. म्हणून मास्तरांनी तिचं नाव बडबडी ठेवलं. “तू बोलतेस तेव्हा आकडा हलतो गं,” ते म्हणायचे. ती श्वास कोंडून गाल फुगवून उभी राहायची आणि तीन सेकंदांनी फुटायची. हाडांच्या डॉक्टरांनी तिच्या आईला सांगितलं होतं, दहा-अकराव्या वर्षापर्यंत बुटांनी नीट चालली तर कमरेचं ऑपरेशन टळेल. मास्तरांच्या शेवटच्या मापात तिचं वजन चोवीस किलो होतं. उजव्यावर तेरा, डाव्यावर अकरा. ते आकडे बघून म्हातारा माणूस आनंदाने खुर्चीतल्या खुर्चीत उडाला होता.

त्यानंतर मास्तर आजारी पडले. मला कपाटात ठेवलं गेलं. चार महिन्यांनी ते गेले, हे मला कपाटाच्या आतून घरातल्या आवाजांवरून कळलं. मी आणखी आठ महिने तिथेच होतो. अंधारात मी कुजलो, दुसरा शब्द नाही. घड्याळाचा सेल गळला आणि त्याचं पाणी माझ्या बोर्डावर पसरलं. बिजागरीचं प्लास्टिक तडकलं. अंगावरचा काळा रबरी लेप विरघळून चिकट झाला, गुळाच्या ढेपेसारखा.

मला बाहेर काढलं ते बडबडीच्या आईने. म्हणजे तिने ताईकडे धरणंच धरलं. “ताई, हिची बोटं बुटाच्या टोकाला लागतात. आणखी किती दिवस थांबू?” ताईने मला उघडलं, बटण दाबलं. मी काही केल्या जागा झालो नाही.

मग मी घड्याळकाकांकडे गेलो. त्यांच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दारावरची पाटी अजून तीच आहे. पण काकांचा जीव रमतो तो माझ्यासारख्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरांत. डोळ्याला भिंग लावून त्यांनी मला उघडलं आणि म्हणाले, “अरे बाबा, काय हाल करून घेतलेस!” इतक्या मायेने माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

तीन आठवडे मी त्यांच्या टेबलावर सुटा सुटा पडून होतो. त्यांनी गळलेलं पाणी धुतलं, खराब भाग उपटून नवे डकवले. कुरकुरणाऱ्या डिस्कवरचं सगळं आधी उतरवून घेतलं आणि तिच्या जागी कॅमेऱ्यात घालतात तसलं चिमुकलं कार्ड बसवलं. पडद्यामागची पिवळी पडलेली नळी काढून एलईडीची पट्टी घातली. बॅटरीचं कवच माझंच, आतले सेल नवे. फ्लॉपीच्या जागी एक डबी बसवली. तिला पेनड्राइव्ह दिला की ती मला सांगते ही फ्लॉपीच आहे, आणि मी विश्वास ठेवतो. बिजागरीला पितळेचे खिळे लावले. रात सरली की सोंग उतरतं, माझं सोंग उलट दिवसेंदिवस चढत होतं. आरशात बघायची सोय असती तर मी स्वतःला ओळखलं नसतं.

शेवटी त्यांनी स्पिरिट आणि कापूस घेऊन माझ्या अंगावरचा चिकट लेप पुसायला घेतला. झाकणावरच्या पट्टीपाशी हात थांबला. पट्टी मळून तपकिरी झाली होती. काकांनी भिंगातून वाचलं. “कपाटाचा नंबर असेल,” असं स्वतःशीच म्हणाले आणि पट्टी सोलून टोपलीत टाकली.

मी ओरडलो असतो, पण कशाने? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

त्यांच्या घराण्याचा एक नियम आहे. दुरुस्त केलेली वस्तू बरोबर वेळ लावूनच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. वडील तसं करत, हेही करतात. सेल मेला की माझं घड्याळ पार पहिल्या दिवसावर जाऊन पडतं, त्यामुळे मास्तरांची तारीख त्यांना दिसलीच नव्हती. नवा सेल घातला, मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि आजची तारीख, आजची वेळ सेकंदापर्यंत लावली. प्रोग्रॅम म्हणाला, मुदत संपली. दुसरा कुणी असता तर इथेच थांबला असता, ताईला विचारलं असतं आणि सगळं निभावलं असतं. पण काका हुशार. चार दिवस खपून त्यांनी ते परवान्याचं कुलूपच काढून टाकलं.

“आता तुम्हाला जन्मात कुणाचा परवाना लागायचा नाही, ताई,” त्यांनी मला तिच्या हातात देताना सांगितलं. चेहरा असा, की बारशाचे पेढे वाटतायत.

करायला गेले काय आणि वरती झाले पाय. माझी तारीख आता खरी होती, पण माझ्यातली जुनी माणसं सगळी अठ्ठावीस वर्षांनी म्हातारी झाली होती.

दुसऱ्याच दिवशी बडबडी आली. दहा वर्षांची. माझ्या लेखी अडतीस. ती पाटीवर उभी राहिली, मी माप घेतलं आणि कागद छापला. पूर्ण उंची, कडक तळ, बोटांपुढे जागा नाही. मोठ्या बाईचा बूट.

ताईने कागद हातात घेऊन दोनदा वाचला. “बराच उंच आलाय,” ती पुटपुटली. मला आशा वाटली. पण तिने फळीवरच्या बापाच्या साच्यांकडे बघितलं आणि मान हलवली. अप्पांचा कागद कधी चुकला नव्हता, आणि यंत्र तर आता नवं होऊन आलेलं. ती साचा तासायला बसली. तिला वाटलं असेल, मला काय कळतंय त्यातलं, मी तर शिलाईवाली.

दोन आठवड्यांनी बडबडीची आई एकटीच आली.

“ताई, बूट चावतोय हिला.”

“नवा बूट चावतोच. थोडे दिवस घालू द्या, सैल पडेल.”

“चालताना कमरेला हात लावते हो.”

“उंची वाढलीय ना, सवय व्हायला वेळ लागतो.”

नवा बूट चावतोच, हे मास्तरही म्हणत. फरक एवढाच, की ते म्हणण्याआधी बूट हातात घेऊन आत बोटं घालून बघत. ताईच्या पुढ्यात वर्षभराचं काम साचलं होतं. त्या महिन्यात तिने अशा अकरा जुन्या मुलांचे बूट माझ्या कागदावरून केले. मी एकामागून एक कागद छापत गेलो. गुपचूप बंद पडावं असं मला फार वाटे. पण काकांनी काम इतकं पक्कं केलं होतं की बंदही पडता येईना.

अडीच महिन्यांनी बडबडी पुन्हा आली, आईचा हात धरून, डाव्या पायाचा चवडा टेकवत. ती बोलत नव्हती. बाकावर गप्प बसून राहिली. तिला गप्प बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. तिची आई म्हणाली, “डॉक्टरांना दाखवलं. कंबर आणखी कलली म्हणतात. आता ऑपरेशनचं बोलताहेत.” मग बोलायचं म्हणून बोलली, “आणि आमचा फोन नंबर बदललाय, तो तेवढा लिहून घ्या.”

फोन नंबर लिहायचा तर पहिलं पान उघडावं लागतं. ताई नेहमी थेट मापाच्या पानावर जायची. आज तिने पहिलं पान उघडलं. बडबडीची नजर पडद्यावर गेली. मुलांना वाचता यायला लागलं की ती डबीवरचं, बाटलीवरचं, दिसेल ते वाचतात.

“एकोणीसशे शहाऐंशी?” ती म्हणाली. “आई, तुझं एकोणीसशे एक्याण्णव ना गं?”

“हो. का?”

“मग मी तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी! आता तू माझं ऐकायचं.”

आई हसली. कित्येक दिवसांत हसली नसावी, कारण हसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईही हसायला गेली, आणि तिचं हसू तोंडातच राहिलं. तिने लाकडी खोक्यातून तीनशे बारा नंबरचं कागदी कार्ड काढलं. त्यावर मास्तरांच्या अक्षरात दोन हजार चौदा. तिने बोटांवर मोजलं. मग मागे वळून माझ्या झाकणावरून हात फिरवला, जिथे पट्टी होती तिथे. झाकण गुळगुळीत होतं.

“अठ्ठावीस,” ती म्हणाली आणि बाकावर बसली.

तिने काही लपवलं नाही, हे मी तिच्या बाजूने सांगितलं पाहिजे. बडबडीच्या आईला तिथेच सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. ती बाई सगळं ऐकून घेऊन उभी राहिली. “मास्तर असते तर असं झालं नसतं,” एवढंच म्हणाली. ताईने कार्ड खोक्यात परत ठेवलं. तिच्या मनात काय आलं ते मला ठाऊक आहे, कारण माझ्याही मनात तेच होतं. मास्तर होते म्हणूनच हे झालं. पण मेलेल्या बापावर पोरगी कशी बोट दाखवणार?

मला पिशवीत घालून ती तडक घड्याळकाकांकडे गेली.

“काका, याच्यावर एक पट्टी होती.”

“होती. चिकट झाली होती. काढून टाकली.”

“आणि तारीख?”

“बरोबर लावून दिली. का? मागेपुढे झाली का काही?”

तिने सांगितलं. काकांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. भिंगाशिवाय त्यांचे डोळे फार लहान दिसतात. “मी वेळ बरोबर लावली, ताई,” ते म्हणाले. “आयुष्यभर एवढंच तर केलं.” मग ते माझ्या पितळी बिजागरीवरून अंगठा फिरवत राहिले.

दोष कुणाचा? मी यावर खूप विचार केला, मला दुसरं काम काय? मास्तरांनी माणसांची सोय बघितली, पण गुपित बरोबर नेलं. काकांनी कारागिरी केली, पण विचारलं नाही. ताईने बापाच्या कागदावर विश्वास ठेवला आणि पोरीच्या दुखण्यावर ठेवला नाही. आणि मी? मला सगळं माहीत होतं. मी यंत्र आहे, मला बोलता येत नाही, वगैरे ठीक आहे. पण रात्रंदिवस टोचायचं ते टोचतंच.

काका म्हणाले, एक छोटा प्रोग्रॅम लिहून देतो, सगळ्या जुन्या तारखा एका क्षणात पुढे सरकतील. ताई म्हणाली, “नको. एका क्षणातलं काही नको आता.” मग रोज दुपारी काका दुकान बंद करून यायचे, कागदी कार्डांवरच्या तारखा मोठ्याने वाचायचे आणि ताई एकेक माझ्यात टाकायची. अजून येत होते त्यांचीच, तरी दोनशे साठ कार्डं. टाकलेली तारीख ती परत वाचून दाखवायची आणि काका “बरोबर” म्हणाले की कार्ड उलटं ठेवायची. ते अकरा जणांचे बूट परत आले. नऊ घरांनी पुन्हा माप दिलं. दोन घरांनी बूट पाठवले आणि मूल पाठवलं नाही. त्यांना मी नावं ठेवत नाही.

माझ्या झाकणावर आता नवी पट्टी आहे. तिच्यावर नुसता आकडा नाही. काय झालं, कुणी केलं, का केलं, सगळं ताईने बारीक अक्षरात पाच ओळींत लिहिलंय. तिची भाची शिलाई शिकायला येते. ताईने तिला पहिल्या दिवशी सुई दिली नाही, ती पट्टी वाचायला दिली.

वाचकहो, तुमच्याही घरात, कचेरीत अशी एखादी वस्तू असेल. हे बटण दाबायच्या आधी ते दाबायचं, ही किल्ली अर्धी फिरवून सोडायची, असलं काहीतरी तुम्हा एकट्यालाच ठाऊक असेल. ते आजच कुणाला तरी सांगून ठेवा. आणि दुरुस्ती करणाऱ्यांनो, मळलेली पट्टी सोलायच्या आधी एक फोन करा. आम्हाला नवं हृदय द्या, नवे डोळे द्या, आम्ही हात जोडू. पण जुन्या मालकाचं अक्षर विचारल्याशिवाय टोपलीत टाकू नका.

परवा बडबडी आली होती. नवे बूट घालून सहा आठवडे झाले, हे तिचं पहिलं माप. ऑपरेशनचं अजून महिन्याभराने डॉक्टर ठरवणार आहेत. तिचं वजन आता अठ्ठावीस किलो. हो, अठ्ठावीसच. मला त्या आकड्याने धसका बसला, पण तिचं वजनच तेवढं आहे, त्याला मी काय करू? म्हणजे प्रत्येक पायावर चौदा यायला हवेत.

बूट तपासायचे होते, म्हणून ती बुटांसकट पाटीवर चढली. आईचा हात घट्ट धरला होता. डाव्या पायाचा आकडा आठ आला.

“हात सोड,” ताई म्हणाली. “पडणार नाहीस.”

बडबडीने माझ्याकडे बघितलं. आईकडे नाही, ताईकडे नाही, माझ्याकडे. मग एकेक बोट सोडवत हात सोडला. आकडा नऊ झाला. दहा झाला. अकरावर थांबला. ताईने वाट बघितली, मी वाट बघितली. तो तिथेच राहिला. बाकीचे सतरा किलो तिने उजव्या पायावर धरून ठेवले होते.

तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. माझ्या कागदावरच्या बुटाने तिला दुखवलंय, ती एकदम कशी भार टाकेल? बूट आता बरोबर आहे, तारीख बरोबर आहे, वय बरोबर आहे. फक्त तिचा माझ्यावर तीन किलो विश्वास नाही.

ताई, काका, तुम्हाला हवं ते बदला. पडदा बदला, बोर्ड बदला, माझं उरलंसुरलं सगळं बदला. फक्त ते तीन किलो डाव्या पायावर येईपर्यंत मला चालू ठेवा.